कोरियन टेबलावर बसण्याआधी

टाळेबंदीच्या काळात दादर-परळच्या घरांत कोरियन मालिका शिरल्या आणि मग मुक्कामालाच राहिल्या. आधी मुलींनी बघितल्या, मग आयांनी, आणि आता बाबाही जेवता जेवता मान वर करून बघतात. त्या मालिकांतली माणसं सारखी खात-पीत असतात. टेबलाच्या मधोमध शेगडी, तिच्यावर चरचरणारं मांस, भोवती लहान लहान वाट्यांची दाटी आणि एक हिरवी बाटली. साहजिकच घरात विषय निघतो, एकदा हे खाऊन बघू या. लोअर परळच्या जुन्या गिरण्यांच्या आवारात जी आशियाई जेवणाची रेस्टॉरंट आणि बार उभे राहिलेत, त्यांच्या मेन्यूत किमची, बिबिमबाप, सोजू ही नावं आता सर्रास दिसतात. त्यामुळे गिरगाव-लालबागकरांना त्यासाठी फार लांब जावं लागत नाही.

तरीही पहिल्यांदा गेलेली बरीच मंडळी खट्टू होऊन परततात. कारण बहुतेक वेळा एकच असतं. मेन्यू हातात आला की प्रत्येक जण आपापली एक डिश मागवतो, आपापलं ताट पुढ्यात ओढतो आणि संपवतो. एकाच्या वाट्याला नुसता तिखट रस्सा येतो, दुसऱ्याच्या वाट्याला नुसता भात, तिसऱ्याच्या वाट्याला नुसतं तळलेलं चिकन. शिवाय बिल भरभक्कम. कोरियन जेवणाची मांडणी अशी एकेकट्यासाठी नसते. तिथे मागवायचं ते अख्ख्या टेबलासाठी, आणि प्यायचं ते खाता खाता. एवढं धरून चाललात तर पुढचं सगळं सोपं होतं.

म्हणून आधी माणसं जमवा. चार जण उत्तम, तीन चालतील. दोघांनी जायचं असेल तर शेगडीवरच्या मांसाचा नाद सोडा, कारण ते बहुतेक ठिकाणी कमीत कमी दोन पोर्शन घ्यावं लागतं आणि दोघांचं पोट तेवढ्यातच भरतं. निघण्यापूर्वी फोन जरूर करा. टेबलावर शेगडी आहे की मांस आतून भाजून येतं? किमची शाकाहारी आहे का? सोबत मुलं असतील तर रात्री त्यांना आत घेतात का? बार असलेल्या काही जागी ठरावीक वेळेनंतर लहानांना प्रवेश नसतो, आणि हे दारात उभं राहून कळण्यापेक्षा घरीच कळलेलं बरं. गटारीच्या संध्याकाळी किंवा शनिवारी रात्री पहिल्यांदा जाऊ नका. वेटरला दोन प्रश्न विचारायला आणि त्याला नीट उत्तर द्यायला निवांतपणा लागतो, तो मधल्या वारी मिळतो.

बसल्यावर काही मागवायच्या आतच लहान वाट्या येतात. त्यांना बानचान म्हणतात. त्यात कोबीची किमची जवळजवळ हमखास असते. मोड आलेल्या सोयाबीनची किंवा मुगाची साधी कोशिंबीर, मुळ्याचे आंबवलेले तुकडे, तिळाच्या तेलात परतलेला पालक, कधी गोडसर बटाटा असतो. हे स्टार्टर समजून आधीच फस्त करू नका. ते शेवटपर्यंत जेवणाला लावून घ्यायचं असतं. कोरियात हे फुकट मिळतं आणि संपलं की पुन्हा भरून देतात. मुंबईत काही जण तीच रीत पाळतात, काही दुसऱ्या वेळचे पैसे लावतात. सरळ विचारा, त्यात संकोचाचं काही नाही.

किमचीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पहिल्या घासाला पुष्कळ जण तोंड वाकडं करतात. चायनीज कोबीला मीठ लावून त्याचं पाणी काढतात, मग तिखट, लसूण, आलं आणि बहुधा खारवलेले मासे किंवा जवळा यांचं वाटण प्रत्येक पानाला आतून-बाहेरून फासतात आणि तो कोबी आंबायला ठेवतात. थंडीच्या तोंडावर सगळ्या घराने, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून हिवाळाभराची किमची घालायची ही रीत 2013 साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. ताजी किमची करकरीत आणि तिखट लागते, मुरलेली आंबट लागते. मुरलेली असेल तर तिचा खरा उपयोग भाजलेल्या चरबीदार मांसाबरोबर किंवा रश्श्यात होतो. नुसती खाऊन तिच्याबद्दल मत बनवू नका. मिरची कोरियातली मूळची नाही, आपल्याकडचीही नाही. अमेरिका खंडातून निघालेली ही मिरची सोळाव्या शतकाच्या सुमारास दोन्हीकडे पोचली, आणि दोन्ही स्वयंपाकघरांनी ती अशी आपलीशी केली की आज तिच्याशिवाय पान हलत नाही. कोरियन तिखट रंगाने लालभडक, जाडसर दळलेलं आणि चवीला किंचित गोड असतं. लालबागच्या मिरची गल्लीत बिया काढून जाडसर दळून घेतलेली बेडगी आणि काश्मिरी मिरची त्याच्या बरीच जवळ जाते. घरी किमची करून बघायची असेल तर कोबी ग्रँट रोडच्या भाजी गल्लीत मिळतो.

शाकाहारी वाचकांनी इथे कान द्यावा. मेन्यूवर हिरवा ठिपका असला तरी दोन गोष्टी विचाराच. किमचीत माशाचा अंश आहे का, आणि रश्श्याचं पाणी कशाचं आहे? कोरियन स्वयंपाकात रश्श्यासाठी सुकवलेले बारीक मासे आणि समुद्री शेवाळ उकळून पाणी काढतात, त्यामुळे वर टोफू तरंगत असला तरी खाली मासा असू शकतो. भाज्या घालून कालवायचा भात म्हणजे बिबिमबाप, रताळ्याच्या पिठाच्या पारदर्शक शेवया म्हणजे जापचे, कांद्याच्या पातीचं धिरडं म्हणजे पाजॉन, हे सांगितल्यावर मांस-मासा वगळून करून मिळतं. धिरड्यात अंडं असतं का आणि समुद्री मासळी घालतात का, तेही विचारा. जैन मंडळींची अडचण मोठी आहे, कारण लसूण सगळीकडे आहे. तशी कोरियातल्या बौद्ध मठांत कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या स्वयंपाकाची जुनी आणि फार सुंदर परंपरा आहे, पण बारमध्ये ती भेटायची नाही.

आता चौघांसाठी काय मागवायचं ते सांगतो. शेगडीवरचं एक मांस, एक रस्सा, एक बिबिमबाप, एक धिरडं. झालं. नंतर भूक उरली तर वाढवा. एकदम सात-आठ पदार्थ मागवून टेबल भरून टाकू नका. गरम पदार्थ गार होतात आणि किमचीच्या वाट्यांना जागा उरत नाही.

शेगडीवर डुकराच्या पोटाकडचं जाड मांस, म्हणजे सामग्योप्साल, हा तिथला राजा. त्याला मसाला लावलेला नसतो, नुसता तुकडा. डुक्कर चालत नसेल तर सोया सॉस, तिळाचं तेल, लसूण आणि नासपतीच्या रसात मुरवलेलं बुलगोगी घ्या. आपल्याकडे ते चिकनचंही मिळतं. मेन्यूत बीफ लिहिलेलं असेल तर ते कशाचं आहे ते विचारा, कारण महाराष्ट्रात 2015 पासून गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे आणि इथे बहुतेक ठिकाणी ते म्हशीचं असतं.

खाण्याची पद्धत अशी. डाव्या तळहातावर लेट्यूसचं पान उघडं धरा. कात्रीने कापलेला मांसाचा एक तुकडा त्यावर ठेवा. हो, तिथे मांस टेबलावरच कात्रीने कापतात. शेजारी लसणाची एक भाजलेली पाकळी, किमचीचा लहानसा तुकडा आणि साम्जांग नावाच्या घट्ट, खारट-तिखट चटणीचं बोट. हवा तर चिमूटभर भात. मग पानाच्या कडा वर घेऊन पुरचुंडी करा आणि एका घासात अख्खी तोंडात टाका. अर्धी चावून उरलेली हातात धरली की सगळं मनगटावरून ओघळतं. त्यामुळे पान लहान घ्या आणि सारण त्याहून लहान. कोरियात मोठ्या मायेने ही पुरचुंडी दुसऱ्यासाठी करून त्याच्या तोंडात भरवतात. आपल्या घरातल्या आजीला हे जेवण पटवायचं असेल तर नातीने हेच करावं.

रस्सा येतो तो खदखदत. किमची-जिगे म्हणजे मुरलेल्या किमचीचा रस्सा आणि त्वेन्जांग-जिगे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या चटणीचा. पहिल्या भेटीला किमचीचा घ्या, दुसऱ्याचा वास उग्र असतो आणि तो अंगवळणी पडायला वेळ लागतो. काही ठिकाणी बुदे-जिगे हा तिसराही असतो, त्यात सॉसेज, डबाबंद मांस आणि नूडल्स घालतात. 1950 ते 1953 च्या कोरियन युद्धानंतर अन्नाची चणचण होती तेव्हा अमेरिकी छावण्यांतून बाहेर आलेल्या डब्यांतून तो जन्मला. त्याच युद्धानंतर कैद्यांचा ताबा सांभाळायला भारताने जे सैन्य कोरियात पाठवलं, त्याचे प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात कोल्हापूरकडचे होते. मराठी माणसाचा कोरियाशी संबंध मालिकांपासून सुरू झालेला नाही, हे मुलांना सांगायला हा रस्सा चांगलं निमित्त आहे.

बिबिमबाप दगडी भांड्यातलं मागवा. साधंही मिळतं, पण दगडी भांडं इतकं तापलेलं असतं की तळाच्या भाताची टेबलावरच खरवड धरते. तिच्यासाठीच ते खायचं. वाढल्या वाढल्या ढवळू नका, दोन मिनिटं थांबा, तळातून तडतड ऐकू आली की लाल चटणी घालून सगळं एकत्र कालवा. भांड्याला हात लावू नका, मुलांनाही सांभाळा. भात कोरियन लोक चमच्यानेच खातात, त्यामुळे काड्या जमत नाहीत म्हणून अवघडून बसायचं कारण नाही. त्यांच्या काड्या धातूच्या आणि चपट्या असतात, सवय असलेल्यांच्या हातूनही सटकतात. पाळायचं ते एकच: काड्या भातात उभ्या खोचून ठेवू नका, मृतांच्या विधीत तसं करतात.

पावसाळ्यात जात असाल तर धिरडं चुकवू नका. बाहेर पाऊस लागला की पाजॉन आणि माक्गोली घ्यायची, ही कोरियात घरोघरची रूढी आहे. माक्गोली म्हणजे तांदूळ आंबवून केलेली, दुधासारखी गढूळ, किंचित आंबटगोड दारू. तिच्यात अल्कोहोल साधारण 6 ते 8 टक्के असतं आणि ती लहान वाडग्यातून पितात. मुंबईत ती सगळीकडे मिळत नाही, पण मिळाली तर सोजूच्या आधी तीच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्या जिभेला ती लगेच पटते आणि डोक्यात पटकन चढत नाही.

सोजूच्या बाबतीत मात्र सावध राहा. ती पाण्यासारखी दिसते, हलकी गोडसर लागते, घशाला जाळत नाही, आणि म्हणूनच अंदाज चुकतो. हिरवी बाटली 360 मिलिलिटरची असते आणि अल्कोहोल साधारण 16 ते 20 टक्के. आपल्याकडच्या व्हिस्कीत ते 42.8 टक्के असतं. हिशोब केला तर एक बाटली म्हणजे 30 मिलिलिटरचे साडेचार ते साडेपाच पेग. पीच, द्राक्ष अशा फळांच्या चवीच्या बाटल्यांत 12-13 टक्क्यांच्या आसपास असतं, तरी एका बाटलीत साडेतीन पेग येतातच. कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली मुलं या फळांच्या बाटल्या सरबतासारख्या संपवताना दिसतात, त्यांच्यासाठी हा हिशोब मुद्दाम मांडतो आहे. सोजूत बिअर मिसळून पिण्याची कोरियात मोठी आवड आहे, तिला सोमेक म्हणतात. ती भराभर पिऊन होते आणि भराभर चढते. पहिल्या दिवशी नको.

चौघांत एक बाटली पुरे. कोरियात दारू आली की तिच्याबरोबर खायचं काहीतरी येतंच, रिकाम्या पोटी पिण्याची चाल नाही. ही चाल आपणही घ्यावी. आपल्या परमिट रूममध्ये शेंगदाणे, चकली नाहीतर उकडलेलं अंडं समोर ठेवून तीन पेग रिचवायचे आणि जेवण शेवटी, तेही घाईघाईत, ही सवय अंगात मुरलेली असते. ती घेऊन इथे गेलात तर शेगडीवरचं मांस करपेल आणि जेवणाची चवच कळणार नाही. एक घास, एक घोट, मध्ये गप्पा, असंच चालू द्या. पाणी भरपूर प्या. बिअरच आवडत असेल तर तिखट-गोड सॉसमधलं, दोनदा तळलेलं कुरकुरीत चिकन मागवा. ही जोडी कोरियात इतकी लाडकी आहे की तिला चिमेक असं नावच पडलं आहे.

ओतण्याचे रिवाज थोडे आहेत आणि पाळायला छान आहेत. आपला पेला आपण भरायचा नाही, शेजारच्याचा भरायचा आणि तो आपला भरतो. पेला पूर्ण रिकामा झाल्याशिवाय वरून ओतायचं नाही. वडीलधाऱ्यांना ओतताना बाटली उजव्या हातात धरायची आणि डावा हात उजव्या मनगटाला किंवा कोपराखाली टेकवायचा. घेतानाही पेला दोन्ही हातांनी धरायचा. लहान माणूस मोठ्यासमोर पितो तेव्हा मान जराशी बाजूला वळवतो. जेवायला सुरुवातही टेबलावरच्या सगळ्यात मोठ्या माणसाने करायची. न पिणाऱ्याला आग्रह करू नका. त्याच्या पेल्यात पाणी किंवा सरबत ओता आणि त्याच्याशी पेला भिडवा.

कायद्याचं थोडं. महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाइनसाठी वयाची अट 21 वर्षांची आहे, इतर कडक दारूसाठी 25 ची. सोजू ऊर्ध्वपातनाने होते, म्हणजे 25. आपल्याकडे दारू पिण्यासाठी परवाना लागतो ही गोष्ट लोक विसरूनच गेलेत. विदेशी मद्याचा एका दिवसाचा परवाना 5 रुपयांचा, वर्षाचा 100 चा, आयुष्यभराचा 1000 चा. अधूनमधून घेणाऱ्यानेही आयुष्यभराचा काढून ठेवावा. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी आणि मतदानाच्या वेळी दारू मिळत नाही, फक्त जेवायला जायचं असेल तर तेव्हा जागा मात्र सहज मिळते. गणपतीच्या दहा दिवसांत लालबाग-परळमधून टॅक्सी पुढे सरकत नाही, तेव्हा कार्यक्रम पुढे ढकला.

बिल आलं की नीट वाचा. आयात सोजू इथे महाग पडते, बाटलीला बहुतेक ठिकाणी हजाराच्या पुढेच, म्हणून मागवण्यापूर्वी किंमत पाहून घ्या. जेवणावर जीएसटी लागतो, दारूवर लागत नाही, तिथे राज्याचा व्हॅट असतो. दोन्हींची बेरीज करून सरसकट जीएसटी लावलेला दिसला तर विचारा. सेवा शुल्क ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 ला तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ती उचलून धरली. नको असेल तर शांतपणे काढून मागा, ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. वेटरने मांस मन लावून भाजून दिलं असेल तर वाचलेल्या पैशांतून त्याच्या हातात बक्षिशी ठेवा. भर गर्दीत चार टेबलांच्या शेगड्या सांभाळणं फार कष्टाचं काम आहे.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. 2017 च्या डिसेंबर अखेरीस लोअर परळच्याच कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या पबला आग लागली आणि 14 जीव गेले. कोरियन रेस्टॉरंटमध्ये तर टेबलाटेबलावर विस्तव असतो. आत शिरताना बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठे आहे ते बघून ठेवा. तो खुर्च्यांनी, खोक्यांनी अडवलेला दिसला तर व्यवस्थापकाला सांगा, आणि त्याने दुर्लक्ष केलं तर उठून दुसरीकडे जा. धूर ओढून घेणारा पंखा शेगडीच्या वर नसेल तर तिथे बसूच नका. लहान मुलाला शेगडीच्या बाजूच्या खुर्चीवर बसवू नका. नायलॉनची ओढणी, सैल बाह्या जपा.

परतताना गाडी चालवू नका. रक्तात 100 मिलिलिटरला 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि सोजूच्या दोन-तीन पेल्यांत ती मर्यादा गाठली जाऊ शकते. लोअर परळ आणि करी रोड ही दोन्ही स्टेशनं चालत जाण्याजोगी आहेत. गिरगावकरांना चर्नी रोड, लालबागकरांना करी रोड, दादरकरांना दोन्ही मार्ग सोयीचे. रात्री अकराच्या आत उठलात तर लोकल आरामात मिळते, त्यानंतर चौघांत मिळून टॅक्सी करा. आणि टेबलावर उरलेलं भाजलेलं मांस, किमची बांधून घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी शिळ्या भातात ती किमची चिरून, तिळाच्या तेलावर परतून, वर अंडं फोडून घाला. कोरियन घरांतही उरलेल्या किमचीचं हेच करतात.